बार्बाडोसला मासेमारीची बोट ठरवताना

बार्बाडोसला मोठे मासे गळाला लावायला बोट घेणार असाल, तर भाव विचारण्याआधी विचारा: मासा कोणाचा? कॅरिबियन बेटांवर पुष्कळ बोटींवर पकडलेला मासा कप्तानाचा, असा रिवाज आहे. पाहुण्यांच्या वाट्याला चार तुकड्या. माही-माही (तिथला एक खायचा मासा) मुक्कामी नेऊन तळायचा बेत असेल तर हे आधीच बोलून घ्या, धक्क्यावर वाद नको.

भाडं बहुधा अख्ख्या बोटीचं असतं, अर्धा दिवस म्हणजे साधारण ४ तास. चार-सहा जणांत परवडतं. इंधन, आमिष, गळ त्यात धरलेत का, हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे मेसेजवर लेखी घ्या. खलाशांची बक्षिसी वेगळी, १५ ते २० टक्के.

पश्चिम किनारा तळ्यासारखा शांत दिसतो. बेटाच्या आडोशातून बाहेर पडलात की अटलांटिक हिसका दाखवतो. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळायला लागल्यावर ती फारशी उपयोगाची नाही.

आणि मोठा बराकुडा मिळाला तर फोटो काढा, खाऊ नका. त्याच्यात सिग्वाटेराचं विष असू शकतं, आणि ते शिजवून जात नाही.