आयकिडो शिकताना: तंत्रे, सराव आणि उपयुक्ततेचा प्रश्न

आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गात नव्याने दाखल होणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या काही दिवसांतच विचारतो, की हे खऱ्या मारामारीत चालते का. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये. मात्र ते उत्तर तंत्रांमध्ये शोधण्यापेक्षा ती तंत्रे कशा प्रकारे घोटली जातात यात शोधावे, असे माझे मत पुण्यातील सरावातून बनत गेले आहे.

सुरुवातीचे महिने मुख्यतः पडण्यात जातात. या पडण्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीशी घट्ट धरून, हाताच्या कडेवरून खांद्यावर आणि तेथून पाठीवरून तिरके विरुद्ध बाजूच्या कमरेकडे वजन उतरू द्यायचे आणि डोके गादीला मुळीच टेकू द्यायचे नाही, एवढेच त्याचे सूत्र आहे. परंतु ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. ओल्या फरशीवर पाय घसरण्याचे किंवा दुचाकीवरून पडण्याचे प्रसंग हल्ल्याच्या प्रसंगांपेक्षा कितीतरी अधिक येतात, त्यामुळे आयकिडोतील सर्वांत उपयोगी भाग कोणता असे विचारल्यास मी निःशंकपणे उकेमीचे नाव घेईन. गुडघ्यांवर चालण्याचा शिक्को हा प्रकार मात्र जपून करावा. तासभर मांडी घालून सहज बसणाऱ्यांनाही तो सोसतोच असे नाही, आणि गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर ते शिक्षकांना आधीच सांगावे.

तंत्रांपैकी कोते-गाएशी या एकाचे उदाहरण घेऊ. समोरचा पोटाकडे ठोसा आणतो. आपण त्याच्या रेषेतून बाजूला सरकत पुढे जातो, मनगट पकडतो, अंगठा त्याच्या पंजाच्या मागच्या बाजूस करंगळी व अनामिकेच्या मुळाशी ठेवतो आणि पंजा बाहेरच्या दिशेने वळवत कमरेसह वळतो. त्याचा तोल आधीच गेलेला असेल तर तो कोसळतो. गेला नसेल तर कितीही जोर लावला तरी तो जागचा हलत नाही. नवशिके सारे लक्ष मनगटावर देतात, आणि खरे काम तर पायांनी त्याआधीच झालेले असावे लागते.

वर्गात हे सहज जमते, कारण हल्ला करणारा एकदाच ठोसा मारतो, हात तसाच पुढे ठेवतो आणि पडायला तयार असतो. तालमीत कुस्ती खेळलेल्या माझ्या एका मित्राने एकदा हात लगेच कोपराशी ओढून घेतला आणि माझ्या कमरेला मिठी घातली. मनगट हाती लागण्याचा प्रश्नच उरला नाही. बॉक्सिंग करणारा तर पहिला ठोसा बहुधा अंतराचा अंदाज घेण्यासाठीच मारतो. ही तंत्रे पडायला तयार असलेल्या जोडीदारावरच चालतात, हा टीकाकारांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो, आणि ‘आमची कला शांततेसाठी आहे’ असे म्हणून त्याला बगल देणाऱ्या ज्येष्ठांचे मला कधी पटलेले नाही.

हा वाद आयकिडोच्या घरातलाच आहे. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी १९१५ मध्ये होक्काइदो बेटावर भेटलेल्या ताकेदा सोकाकू यांच्याकडून दाइतो-र्यू जुजुत्सू ही निःशस्त्र झुंजीची जपानी पद्धत घेतली आणि त्यातून स्वतःची पद्धत घडवली. स्पर्धा मात्र त्यांनी नाकारली. त्यांचेच शिष्य आणि मूळचे ज्युदोपटू असलेले केंजी तोमिकी यांना प्रतिकाराशिवाय तंत्राची परीक्षा होत नाही असे वाटले, म्हणून वासेदा विद्यापीठात त्यांनी मुक्त सराव आणि पुढे मऊ, नकली सुऱ्यासह होणारी स्पर्धा आणली. उएशिबांचेच दुसरे शिष्य गोझो शिओदा यांच्या योशिनकान या आयकिडो शाखेत स्पर्धा नाही, पण तेथील शिस्त इतकी कडक आहे, की टोकियोच्या दंगलविरोधी पोलीस पथकातील जवान तेथे सुमारे अकरा महिन्यांचा अभ्यासक्रम करतात. पोलिसांचे काम पकडून आवरण्याचे असते, दोन तयारीच्या खेळाडूंच्या झुंजीचे नव्हे, आणि अशा कामाला हात मुरगळून जमिनीवर दाबून धरणारे इक्क्यो हे तंत्र चांगले लागू पडते. म्हणून ‘आयकिडो चालते का’ असे विचारताना कोणाविरुद्ध आणि कोणत्या प्रसंगी, हेही विचारावे लागते.

वर्ग निवडताना तेथे जाऊन एक तास नुसते बसून पाहावे. बाजूला न सरकल्यास हल्लेखोराचा हात खरोखर अंगावर येईल का, शिक्षक अतेमी म्हणजे तोल मोडण्यासाठीचा प्रहार शिकवतात का, आणि जुन्या विद्यार्थ्यांना थोडा प्रतिकार करू दिला जातो का, याकडे लक्ष द्यावे. शिक्षकाने हात लावताच शिष्य हवेत उडत असतील तर दुसरा वर्ग शोधावा. काही महिन्यांत स्वसंरक्षण शिकणे ही ज्यांची निकड असेल त्यांनी आधी ज्युदो किंवा बॉक्सिंगकडे जावे. तेथून आलेल्यांना आयकिडोतील अंतराचा आणि वेळेचा विचार उलट लवकर उमगतो. साहित्याचा खर्च फार नाही: ज्युदोचा साधा पोशाख पुरतो, हाकामा म्हणजे त्यावर घालायचा घोळदार जपानी पायजमा बहुतेक ठिकाणी बऱ्याच नंतर लागतो, आणि लाकडी काठी व तलवार वर्गात असतात. नखे मात्र कापलेली असावीत आणि अंगठी घरी ठेवून यावी.