ऑनलाइन बालशोषणविरोधी विधेयक कसं वाचावं

मुलांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाविरुद्ध नवा कायदा येतोय म्हटलं की बातमीचा मथळा ठरलेला असतो: शिक्षा वाढवली. पण आरोपी सापडला तर शिक्षा. पोलिसांचं घोडं अडतं ते बहुतेकदा त्याच्या आधीच. म्हणून मसुदा हाती आला की शिक्षेचं कलम शेवटी वाचा.

पायरी 1: व्याख्या तपासा. ‘मूल’ म्हणजे किती वर्षांपर्यंत, हे आधी बघा. बहुतेक ठिकाणी 18 असतं, पण 2001 च्या बुडापेस्ट सायबर गुन्हे कराराने देशांना ही मर्यादा 16 पर्यंत खाली आणायची मुभा दिली आहे. मग ‘साहित्य’ कशाला म्हटलंय ते पाहा. नुसतं ‘छायाचित्र व चित्रफीत’ लिहिलं असेल, तर एआयने बनवलेल्या प्रतिमेवरून वकील तासन्‌तास वाद घालतील. भारतात पॉक्सो कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने खऱ्या मुलापासून वेगळी ओळखू न येणारी, संगणकाने तयार केलेली प्रतिमाही व्याख्येत घेतली. गोड बोलून मुलाला जाळ्यात ओढणारं चॅट मसुद्यात कुठे बसतं, तेही शोधा. त्यात चित्र नसतंच, त्यामुळे ते हमखास निसटतं.

पायरी 2: कळवण्याचं बंधन कोणावर? कोणी, कोणाला, किती वेळात कळवायचं, ही तिन्ही उत्तरं मसुद्यात मिळाली पाहिजेत. अमेरिकेत असं साहित्य आढळल्याचं कळलं की कंपनीला एनसीएमईसी या, हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेला कळवावंच लागतं. मात्र स्वतःहून शोध घेण्याची सक्ती नाही. ही पळवाट वाटते, पण तिला कारण आहे. सरकारच्या हुकमाने कंपनीने सगळ्यांची खाती चाळली, तर ती सरकारची हस्तक ठरू शकते आणि वॉरंटविना मिळवलेला तो पुरावा न्यायालयात बाद होण्याची भीती असते. म्हणजे कलम जितकं कडक, तितका खटला मजबूत, असं दरवेळी होत नाही.

पायरी 3: नोंदी किती दिवस जपायच्या? माझ्या मते सगळ्या मसुद्याचा जीव इथे आहे. पोलिसांच्या हाती सहसा येतो एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, आणि एक वेळ. मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपी पत्त्यामागे एकाच वेळी कितीतरी ग्राहक असतात. त्यातला नेमका एक काढायला पोर्ट क्रमांक (त्या सामायिक पत्त्यावरची जोडणी वेगळी ओळखणारा आकडा) लागतो, सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि ती कोणत्या देशाच्या घड्याळाची हेही लागतं. जागतिक प्रमाणवेळ आणि भारतीय वेळ यांतल्या साडेपाच तासांची गल्लत झाली तर पोलीस भलत्याच घराची कडी वाजवतील. आणि सेवा देणाऱ्या कंपनीने नोंद पुसली असेल, तर तपास तिथेच संपला.

एनसीएमईसीकडे 2023 मध्ये 3 कोटी 60 लाखांहून अधिक सूचना आल्या. त्यांची छाननी होऊन प्रकरण स्थानिक पोलिसांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि कंपन्यांवर माहिती जपण्याचं बंधन होतं फक्त 90 दिवसांचं. मे 2024 मध्ये अमेरिकेने रिपोर्ट ॲक्टने ते एक वर्षावर नेलं. शिक्षेच्या आकड्यांइतका या बदलाचा गाजावाजा होत नाही. भारतातल्या 2021 च्या आयटी नियमांत हटवलेली माहिती 180 दिवस जपण्याची आणि तपास यंत्रणेने लेखी मागितल्यावर 72 तासांत माहिती देण्याची तरतूद आहे. तुमच्या हातातल्या मसुद्यात असा आकडाच नसेल, तर तिथे लाल खूण करा.

पायरी 4: पैसा आणि माणसं. विधेयकाला जोडलेलं वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज सांगणारं टिपण, उघडा. ‘कोणताही अतिरिक्त खर्च अपेक्षित नाही’ असं लिहिलं असेल, तर जप्त केलेले फोन प्रयोगशाळेत रांगेत पडून राहणार हे धरून चाला.

पायरी 5: अधिकारांना लगाम आहे का? माहिती मागवण्याच्या आदेशावर सही कोणाची, न्यायाधीशाची की कुठल्याही अधिकाऱ्याची? कूटबद्ध (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही वाचता न येणारे) संदेश तपासण्याचा मुद्दा असेल तर तो सावकाश वाचा. युरोपीय आयोगाने 2022 मध्ये मांडलेला प्रस्ताव याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं रखडला. एकाच वयाच्या दोन मुलांनी आपापसात पाठवलेल्या फोटोचं काय करायचं, हेही मसुद्याने सांगायला हवं. नाहीतर ज्यांना वाचवायचं तीच मुलं आरोपी होतात.

पायरी 6: आता शिक्षा वाचा, आणि हरकत पाठवा. कंपन्यांना लावलेला दंड त्यांच्या आकाराच्या मानाने किती, ते बघा. अमेरिकेत 2024 मध्ये कळवण्यात कसूर करणाऱ्या मोठ्या कंपन्यांसाठी पहिल्या वेळचा दंड कमाल 8 लाख 50 हजार डॉलरवर गेला. आधी तो दीड लाख होता.

हरकती व सूचना पाठवताना संताप लिहू नका. कलम, पोटकलम, सध्याची ओळ आणि तिच्या जागी हवी असलेली ओळ लिहा. ‘माहिती जपली जावी’ अशा मोघम वाक्यापेक्षा ‘पोर्ट क्रमांकासह एक वर्ष’ हे मसुदा लिहिणाऱ्याला जसंच्या तसं उचलता येतं. पत्राला दाखला म्हणून आक्षेपार्ह फोटो किंवा स्क्रीनशॉट मात्र चुकूनही जोडू नका. असं साहित्य जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच मुळात गुन्हा आहे. कुठे काही दिसलं असेल तर त्याची लिंक पोलिसांना किंवा अधिकृत तक्रार पोर्टलवर कळवा.