बिन फाइल ३८४ एमबीची झाली? लिंकर वापरताना या चुका टाळा

प्रोग्रॅम जेमतेम १२ केबीचा, चिपवर फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) ६४ केबी, आणि तिथे लिहायची बिन फाइल ३८४ एमबी! एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरसाठी पहिल्यांदा स्वतः लिंकर स्क्रिप्ट (कोडचा कोणता भाग मेमरीत कुठे ठेवायचा ते लिंकरला सांगणारी फाइल) लिहिली तेव्हा माझं हेच झालं. कंपायलरची ऑप्टिमायझेशन बदलण्यात दोन संध्याकाळी गेल्या. दोष तिथे नव्हताच.

या चिपवर फ्लॅश हेक्स (सोळा-आधारी) ०८०००००० या पत्त्यापासून सुरू होते, रॅम हेक्स २००००००० पासून. सुरुवातीची किंमत दिलेले ग्लोबल व्हेरिएबल डेटा सेक्शनमध्ये जातात. प्रोग्रॅम चालताना ते रॅममध्ये लागतात, पण वीज गेली तरी किंमत टिकायला हवी, म्हणून तिची प्रत फ्लॅशमध्ये असावी लागते. एका सेक्शनला दोन पत्ते: चालताना लागतो तो व्हीएमए, साठवायचा तो एलएमए. स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘रॅम’ लिहून ‘एटी > फ्लॅश’ विसरलात, तर लिंकर दोन्ही पत्ते रॅमचेच धरतो. बिन फाइलमध्ये पत्ते लिहिलेले नसतात, नुसते ओळीने बाइट असतात. त्यामुळे बिन फाइल बनवणारं ऑब्जकॉपी फ्लॅशच्या सुरुवातीपासून रॅमपर्यंतच्या ४०,२६,५३,१८४ बाइटमधली पोकळी शून्यांनी भरून काढतं.

अशा वेळी डेटा सेक्शनच वगळून टाकायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. फाइल लहान होईल, पण व्हेरिएबलच्या किमती हरवतील. बिनऐवजी इंटेल हेक्स फाइल काढणं तर त्याहून फसवं. तिच्यात पत्ते असतात, म्हणून ती छोटीच राहते आणि चूक दिसतच नाही. जीडीबी या डीबगरने एल्फ फाइल (लिंकर काढतो ती, पत्ते आणि सिंबॉल असलेली मूळ फाइल) लोड केली तर किमती थेट रॅममध्ये जाऊन बसतात. टेबलावर सगळं छान चालतं, आणि केबल काढून पुन्हा लावली की बंद.

दुसरी चूक म्हणजे एल्फ फाइल जशीच्या तशी फ्लॅशच्या सुरुवातीला लिहिणं. कॉर्टेक्स-एम प्रोसेसर पहिले चार बाइट स्टॅक पॉइंटर म्हणून वाचतो आणि पुढचे चार रिसेटचा पत्ता म्हणून. एल्फची सुरुवात ७एफ ४५ ४सी ४६ अशी असते, म्हणजे स्टॅक जातो हेक्स ४६४सी४५७एफ च्या आसपास. तिथे रॅमच नाही. प्रोग्रॅम कुठून सुरू होतो ते सांगणाऱ्या स्क्रिप्टमधल्या ‘एंट्री’वरही विसंबू नका. ती एल्फच्या हेडरमध्ये लिहिली जाते, बिनमध्ये उतरत नाही.

न वापरलेले सेक्शन काढून टाकणारा ‘जीसी-सेक्शन्स’ पर्याय लावत असाल तर व्हेक्टर टेबलला (स्टॅक पॉइंटर आणि रिसेटचा पत्ता असलेली सुरुवातीची यादी) स्क्रिप्टमध्ये ‘कीप’ द्याच, कारण कोडमधून त्याला कोणी हाक मारत नाही आणि लिंकर ते बिनकामाचं समजून उडवतो.

लिंकरलाच थेट बायनरी काढायला सांगता येतं, पण मी ते करत नाही. त्यात सिंबॉल (फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं) गळून पडतात, मग डीबग कशाच्या आधारावर करायचं? आधी एल्फ काढा आणि ती जपून ठेवा. बिन किंवा हेक्स तिच्यापासून शेवटी बनवा. त्याआधी ऑब्जडम्प या टूलला ‘डॅश एच’ देऊन डेटा सेक्शनची ओळ बघा: व्हीएमए २० ने सुरू व्हायला हवा, एलएमए ०८ ने.