बॉटनी करून इकॉलॉजीत यायचंय? सड्यावरच्या वीस वर्षांतून जे कळलं ते

दरवर्षी एमएस्सीचा रिझल्ट लागला की चार-पाच जणांचे फोन येतात. मॅडम, इकॉलॉजीत पीएचडी करायचीये, प्राध्यापक व्हायचंय, काय करू. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगते आणि तरी निम्मं राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. माझं काम कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरच्या, झाडोऱ्यावर आहे, रत्नागिरी-राजापूरच्या पट्ट्यात, २००४ पासून. त्यामुळे उदाहरणं सगळी तिथलीच येणार, पण तुम्ही खारफुटीवर काम करा नाहीतर देवराईवर, अडचणी साधारण त्याच असतात.

ज्यांनी सडा पाहिला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मे महिन्यात तिथे काळपट, करपलेला कातळ असतो, हात टेकवत नाही इतका तापलेला. सातबाऱ्यावर अशी जमीन बहुतेक वरकस (हलकी) नाहीतर पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी) म्हणून लागलेली असते. जूनमध्ये पाऊस पडला की त्याच कातळावरच्या बोटभर मातीत एकामागून एक पाळी लागते, आधी दीपकाडी, मग ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, तेरडे, कवला, आणि ऑक्टोबर संपता संपता सगळं वाळून परत दगड. माती इतकी निकस की सीतेची आसवं, म्हणजे आपलं युट्रिक्युलॅरिया, जमिनीखाली बारीक फुगे लावून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतं आणि त्यावर भागवतं. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली त्या फुग्याच्या आत अडकलेला जीव पाहिला तेव्हाच मी ठरवून टाकलं की काम इथेच करायचं.

आता पहिली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इकॉलॉजी करायची असेल तर आधी झाडं ओळखता आली पाहिजेत. हल्ली मुलं थेट सॉफ्टवेअर शिकून येतात, चांगलंच आहे, पण प्लॉटमधल्या, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या तुकड्यातल्या, गवतांना नावं देता येत नसतील तर त्या आकड्यांना अर्थ नाही. माझा पहिला सीझन असाच वाया गेला. २४ प्लॉट टाकले, चार महिने पावसात भिजून मोजणी केली आणि वहीत काय तर गवत १, गवत २, बारीक गेंद, मोठा गेंद. गाइडनी वही पाहिली, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले की आता सहा महिने हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांच्या संग्रहात) बस. तेव्हा खूप लागलं मनाला. आज मी माझ्या मुलांना स्वतःहून तिथेच पाठवते, आणि पहिल्या सीझनच्या आधी.

पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं ऑफिस आहे, तिथलं हर्बेरियम आहे, आघारकर संशोधन संस्थेचं आहे, मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग तर वर्गीकरणासाठीच ओळखला जातो. कॉलेजचं पत्र घेऊन जा, रीतसर परवानगी मागा, आणि आपले नमुने तिथल्या शीटशेजारी ठेवून बघा. थिओडोर कूकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या झाडांचा वर्णनग्रंथ, १९०१ ते १९०८ च्या दरम्यान निघाला, पण आजही सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते, नावं बदललीयेत तेवढी नंतर ताडून घ्यायची. गेंदाच्या वाटेला मात्र तयारीनेच जा. एरिओकॉलॉनचं एक फूल दोन-तीन मिलिमीटरचं, ते ओलं करून सुईने सोडवायचं, आणि तरी काही जाती बियांवरची नक्षी पाहिल्याशिवाय सुटत नाहीत. पिकलेलं बी हवं असेल तर ऑक्टोबरमध्ये परत जायला लागतं. नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमधले पेपर पावसाळ्यात रोज बदलायचे, एक दिवस चुकला की बुरशी आलीच, आणि युट्रिक्युलॅरिया तर प्रेसमध्ये कागदाला चिकटूनच जातं, त्याची फुलं स्पिरिटमध्ये वेगळी ठेवायची.

दुसरी गोष्ट जागेची. जागा अशी निवडा की एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल. लांबची सुंदर जागा फोटोला बरी, पण एकाच प्लॉटवर वर्षातून दहा-बारा वेळा आणि अशी वर्षानुवर्षं जायची असेल तर जागा जवळचीच लागते. माझा एक वर्गमित्र फार हुशार, त्याने घाटमाथ्यावरची अवघड जागा धरली, दोन वर्षांत पैसे आणि पाय दोन्ही थकले, शेवटी विषय बदलावा लागला.

प्रश्नही वेळेत बसणारा घ्या. कारवीचंच बघा, आठ वर्षांनी एकदा फुलते, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली, म्हणजे तीन-पाच वर्षांच्या पीएचडीत तुमच्या वाट्याला तिचा एक बहर येईल किंवा येणारही नाही. तिच्यावर काम करू नका असं नाही, पण फुलण्याच्या चक्रावर थीसिस बेतू नका.

मोजणी कशी करते ते सांगते. एक मीटर बाय एक मीटरची पीव्हीसी पाइपची चौकट, तिच्यावर नायलॉनचा दोरा ताणून शंभर चौकोन केलेले. ती कातळावर ठेवायची, पालथं पडायचं आणि एकेक चौकोन वाचायचा, कोण आहे, किती जागा व्यापलीये, फुलावर आहे की फळावर. एका प्लॉटला मला अजूनही पाऊण तास लागतो. लिहायचं पेन्सिलनेच, पेनाची शाई पहिल्या सरीत पसरते. कोपऱ्यांना सुरुवातीला मी पांढऱ्या ऑइल पेंटच्या खुणा केल्या होत्या, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत २४ पैकी तीन प्लॉटच्या खुणा पुसल्या गेल्या आणि ते प्लॉट कायमचे गेले. आता कातळाच्या भेगेत स्टीलचे खिळे ठोकते, शिवाय दोन ठळक दगडांपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहिते. जीपीएसवर विसंबू नका, तो चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि तुमचा प्लॉट तर एक मीटरचाच आहे.

अशीच एकदा पालथी पडलेली असताना गुरं घेऊन आलेल्या एक आजी जवळ येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "काय गो बाय, कानातला पडला काय तुजा?" मी उठून बसले, काय करतेय ते सांगितलं. तशा त्या खाली बसल्या आणि पुढचा तासभर मला सड्यावरची डबकी दाखवत फिरल्या, ह्याच्यात दिवाळीपर्यंत पाणी राहतं, हे गणपतीतच आटतं, इथे गुरं पितात, इथे पीत नाहीत. माझ्या थीसिसमधली डबक्यांची विभागणी, किती दिवस पाणी टिकतं त्यावरून केलेली, तिची सुरुवात त्या तासाभरात झाली. त्यामुळे नवीन मुलांना सांगते, पहिले चार दिवस चौकट काढूच नका, गावात बसा, गुराख्यांबरोबर फिरा. आणि जमिनीचा मालक शोधा. कोकणातल्या सड्यांची बरीचशी जमीन खाजगी आहे, सामाईक सातबारा, निम्मे हिस्सेदार मुंबईला, म्हणून निदान ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि जे घरचे गावात आहेत त्यांना भेटा. अभयारण्यात काम असेल तर वनखात्याची परवानगी नागपूरहून येते, तिला महिनोन्‌महिने लागू शकतात, अर्ज जानेवारीतच करून ठेवा म्हणजे जूनला हातात येईल.

आता ज्या चुकीने मला दोन वर्षं मागे टाकलं ती. गुरं चरतात तिथे फुलझाडं जास्त की कमी, असा माझा एक पेपर होता. चराईचे बारा प्लॉट एका सड्यावर, बिनचराईचे बारा दुसऱ्या सड्यावर. जर्नलने परत पाठवला, म्हणे ही बारा उदाहरणं नाहीतच, एक चराईचा सडा आणि एक बिनचराईचा, म्हणजे एकास एक. फरक चराईमुळे पडला की त्या दोन सड्यांची माती आणि उतारच वेगळा होता, हे ह्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. ह्याला सूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्टचा १९८४ चा पेपर आहे त्यावर, पहिला प्लॉट टाकायच्या आधी वाचा, नंतर वाचून फक्त रडू येतं. मला पुढची दोन वर्षं आणखी सहा सडे धरून सगळं नव्याने करायला लागलं. आणि हा प्रश्न नुसता परीक्षेपुरता नाहीये. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पर्यटक आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण घातलं, मग चराई थांबून गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी ओरड झाली, पुढे ते कुंपण काढलं. अशा वेळी ज्याच्याकडे नीट आखलेले जुने प्लॉट असतात त्यालाच काही ठाम बोलता येतं.

परीक्षांचं लवकर उरकते कारण ही माहिती सगळीकडे मिळते. प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीच्या सीएसआयआर नेट परीक्षेत बॉटनी असा वेगळा पेपर नाही, लाइफ सायन्सेसचा आहे, त्यामुळे बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्स टाळून चालत नाही, पण इकॉलॉजी आणि इव्होल्यूशनचे युनिट आपल्याला हात देतात. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी तिच्या वरची एसआरएफ ४२,०००. राज्याची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, तिने प्राध्यापक होता येतं, फेलोशिप मिळत नाही. गेट परीक्षेत इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा स्वतंत्र पेपर आहे, तोही द्या. आकडेमोडीसाठी आर नावाची संगणक भाषा शिका, फुकट आहे, त्यातलं व्हेगन नावाचं पॅकेज आपल्या कामासाठीच बनवल्यासारखं आहे. आणि पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्यांपासून लांब राहा, मुलाखतीत तज्ज्ञ पहिला प्रश्न त्याच पेपरवर विचारतात.

नोकरीबद्दल मात्र खरं सांगायला हवं. मी चार वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवलं, तासाप्रमाणे पैसे, तेही कधी सहा महिन्यांनी एकदम, सुट्टीत काहीच नाही. घरचे विचारायचे की एवढं शिकून काय झालं. त्या काळात मला सड्याने सावरलं, रविवारी पहाटेची एसटी पकडायची आणि मोजणीला जायचं, पगार असो नसो सीतेची आसवं ऑगस्टात यायचीच. पण हा काळ सगळ्यांना झेपेलच असं नाही, घरची जबाबदारी असेल तर शाळेतली नोकरी, वनखातं, सल्लागार कंपन्या हे मार्गही तितकेच मानाचे आहेत, तिथेही झाडं ओळखणारा माणूस हवाच असतो.

मी २००८ ला पर्मनंट झाले. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं असतं, शिवाय अॅडमिशन, परीक्षा, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. आपली खरी गोची अशी की सड्याचा सीझन जून ते ऑक्टोबर आणि कॉलेजचा पहिला सेमिस्टरही तोच, मे महिन्याची लांब सुट्टी मिळते तेव्हा सड्यावर बघायला काही नसतं. माझ्या पहिल्या कॉलेजात सप्टेंबरमध्ये दोन दिवसांची रजा मागितली तर फुलं बघायला रजा कशाला असं उत्तर मिळालं होतं. मग मी एसवायच्या प्रॅक्टिकलची सहलच सड्यावर न्यायला लागले, मुलं क्वाड्रॅट, म्हणजे चौकटीची मोजणी, शिकली आणि माझे प्लॉटही मोजून झाले. पुढे प्रमोशन चालू नियमाप्रमाणे पीएचडीवाल्याला चार, पाच, तीन, तीन असं करत पंधरा वर्षांत असिस्टंटपासून प्रोफेसरपर्यंत, कागदावर. प्रत्यक्षात फाइल कुठेतरी अडकते, मला सोळा लागली. प्रत्येक सर्टिफिकेटची झेरॉक्स त्याच दिवशी फाइलला लावत जा.

मुलींसाठी एक वेगळं. सड्यावर आडोसा नसतो, दिवसभर पाणी कमी पिऊन काम केल्याने मला मूतखड्याचा त्रास झाला. मोठी छत्री न्या, दोघींनी मिळून जा, गावातलं एक घर बांधून ठेवा जिथे हक्काने जाता येईल. संकोच करू नका, कोकणातल्या घरात ह्याला कोणी नाही म्हणत नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात माझ्या एका सड्यावर जेसीबी आला. आंब्याची बाग करायची होती, कातळ फोडून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली, कलमं लावली. माझे सहा प्लॉट त्यात गेले. मालकाचा राग मी धरू शकले नाही, जमीन त्याची, मुलाच्या शिक्षणासाठी तो हे करत होता, आणि सरकारी कागदावर ती जमीन पडीकच होती. पण त्या सहा प्लॉटमध्ये ४३ जाती होत्या हे वहीत होतं, तारखांसकट. तीच वही मी तालुक्याच्या जैवविविधता नोंदवहीच्या बैठकीत ठेवली आणि शेजारच्या गावाने त्यांच्या सड्यावरची डबकी नोंदवहीत घातली.

ह्या वर्षीही जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की साधारण आठवड्याने आम्ही पहिली फेरी करतो, दीपकाडी तेव्हाच सापडते. कोणाला यायचं असेल तर पेन्सिल, दहापट भिंग, जुनी वर्तमानपत्रं आणि रबरी तळाचे बूट घेऊन या, चौकटी माझ्याकडे आहेत.