आधी खोली, मग थेरपिस्ट

ऑनलाइन थेरपी घ्यायची ठरली की बहुतेक जण लगेच नावं शोधायला बसतात. मुंबईत राहत असाल तर क्रम उलटा ठेवा. आठवड्यातून एकदा, सलग तासभर, कोणाच्या कानावर न जाता बोलता येईल अशी जागा आधी नक्की करा. वन बीएचकेत सासूबाई हॉलमध्ये आडव्या झालेल्या, मुलाचा क्लास बेडरूममध्ये चालू आणि नवरा पडद्यापलीकडे शर्टाला इस्त्री करतोय, अशा घरात थेरपिस्टने ‘नवऱ्याशी कसं जमतं?’ असं विचारलं तर उत्तर ‘बरं चाललंय’ एवढंच येणार. त्या उत्तराची फी भरण्यात काय अर्थ? हेडफोनने समोरच्याचा आवाज लपतो, तुमचा नाही, हे तर बरेच जण पहिलं सेशन सुरू झाल्यावरच ओळखतात.

तेव्हा आपल्या आठवड्याकडे नीट बघा. घर कधी रिकामं असतं? रिकामं नसेल तर गजबजलेलं कधी असतं? रात्री मालिकांच्या वेळी टीव्ही मोठ्याने चालू असतो आणि आत कोण काय बोलतंय याकडे कोणाचं लक्ष नसतं. दाराशी टेबलफॅन लावला की उरलेलं बोलणंही बाहेर जात नाही. खाली उभी केलेली गाडी चालते, पण मे महिन्यात काचा वर करून तासभर बसवणार नाही. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते आणि पावसाळ्याचे चार महिने गच्ची बाद. ऑफिस सुटल्यावर तिथली मीटिंग रूम मिळत असेल तर उत्तम, फक्त काचेच्या भिंतीकडे पाठ करून बसा, कारण रडू येऊ शकतं. दुपारी कामाला जाणाऱ्या मैत्रिणीच्या घराची किल्ली मिळाली तर याहून चांगलं काही नाही. चाळीतली गॅलरी मात्र विसरा. घरच्यांना काय सांगायचं तेही आताच ठरवून टाका. खरं सांगा किंवा ‘कामाचा कॉल आहे’ म्हणा, पण दर आठवड्याला नवं कारण शोधत बसू नका.

जागा आणि वेळ ठरली की एक कागद घ्या. त्रास काय आहे, कधीपासून आहे, झोप, जेवण आणि काम यांवर काय परिणाम झालाय, हे पाच-सहा ओळींत लिहा. आधी कोणाकडे गेला होतात का, कोणतं औषध चालू आहे का, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, तेही लिहा. शेवटचा मुद्दा आईला किंवा मावशीला विचारावा लागेल, आणि ‘तुझे काका जरा तसेच होते’ एवढंच उत्तर मिळेल. चालेल, तेवढंही लिहा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 यांचे अलीकडचे रिपोर्ट असतील तर फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. थायरॉइड मंदावलं की थकवा आणि उदासी येते, त्यामुळे डॉक्टर हे विचारतातच.

आता माणूस. औषध लिहून देऊ शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही नोंदणी करावी लागणारी पदवी आहे. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे आरसीआयच्या, रजिस्टरमध्ये नाव असलेल्यांनीच ती लावायची असते आणि हे रजिस्टर आरसीआयच्या संकेतस्थळावर शोधता येतं. क्रमांक विचारा, तिथे टाकून बघा, मुदत संपलेली नाही ना तेही बघा. यात संकोच कसला! आपण सोनाराकडे हॉलमार्क बघतोच.

खरा गोंधळ तिसऱ्या गटात आहे. काउन्सेलर, सायकोथेरपिस्ट, काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट अशा पाट्या लावणाऱ्यांत मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली फार चांगली माणसं आहेत, आणि दोन दिवसांचं शिबिर करून आलेलीही आहेत. 2021 च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, पण थेरपिस्ट म्हणवणाऱ्या प्रत्येकाचं नाव एका यादीत तपासता येईल अशी सोय अजून नाही. म्हणून तिथे तुम्हालाच विचारावं लागतं: पदव्युत्तर शिक्षण कुठे झालं, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती वर्षं काम केलंय, आणि तुमच्या कामावर सुपरव्हिजन कोणाचं असतं? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस सहसा बरा निघतो. लाइफ कोच, हीलर, ‘सात दिवसांत चिंतामुक्ती’ वगैरे मंडळींना इथेच नमस्कार करा. आणि डॉक्टर नसलेल्या कोणी गोळीचं नाव सुचवलं तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

शोधायचं कुठे? ॲपवर नावं ढिगाने मिळतात, पण तिथले तारे माझ्या मते फार कामाचे नाहीत. बऱ्या झालेल्या माणसाला तारे द्यायला वेळ नसतो. फॅमिली डॉक्टरला विचारा, त्यांना आपल्या भागातली दोन-तीन नावं माहीत असतात. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजेच आयपीएच, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केली आणि मराठी घरांत ती बऱ्यापैकी ओळखीची आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा आयकॉल हा उपक्रम 2012 पासून फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करतोय. पैशांची फारच ओढाताण असेल तर केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढून रांगेत बसावं लागतं, पण डॉक्टर अनुभवी मिळतात. बहिणीने किंवा नवऱ्याने आपल्याच थेरपिस्टचं नाव सुचवलं तर मात्र आभार माना आणि त्यांच्याकडूनच दुसरं नाव मागा. एकाच घराच्या दोन बाजू एकाच माणसाच्या कानात गेल्या की सगळ्यांचीच पंचाईत होते.

आणि थेरपिस्ट मुंबईचाच कशाला हवा? ऑनलाइनचा हाच तर फायदा आहे. डोंबिवलीहून वांद्र्याला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, पण स्क्रीनवर वांद्रे, नाशिक आणि सांगली सारख्याच अंतरावर. मराठीत बोलायचं असेल तर पुणे-कोल्हापूरकडे शोधा, नावं जास्त मिळतील आणि फीसुद्धा अनेकदा कमी असते. कामाचा ताण इंग्रजीत सांगता येतो. पण वडील गेले तेव्हा भावजय काय बोलली, हे इंग्रजीत सांगायला गेलात तर निम्मं हातातून निसटतं.

तीन नावं निवडा आणि तिघांनाही मेसेज करा, आत्मचरित्र नको. ‘नमस्कार, मला ऑनलाइन सेशन सुरू करायची आहेत. काही महिन्यांपासून झोप लागत नाही आणि कामावर सतत धास्ती वाटते. मंगळवारी किंवा गुरुवारी रात्री आठनंतर वेळ मिळेल का? मराठीत बोलता येईल का? फी किती आणि सेशन किती मिनिटांचं?’ एवढं पुरे. तिघांपैकी एखाद्याचं उत्तर येणारच नाही, मनाला लावून घेऊ नका. चांगल्यांच्या वेळा भरलेल्या असतात आणि संध्याकाळची वेळ तर सगळ्यांनाच हवी असते.

बरेच जण सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलतात. तो फोन म्हणजे तुम्ही घेतलेली मुलाखत आहे, उलट नव्हे. माझ्यासारख्या त्रासाचं काम आधी केलंय का, कोणत्या पद्धतीने काम करता, किती सेशननंतर आपण थांबून आढावा घ्यायचा, हे विचारा. गोपनीयतेबद्दलही विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, पण त्याला अपवादही आहेत: जिवाला धोका असेल तर, न्यायालयाने मागितलं तर, आणि लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर पॉक्सो कायद्याखाली ती कळवावीच लागते. चांगला थेरपिस्ट हे अपवाद तुम्ही न विचारता सांगतो. कॉल रेकॉर्ड होतो का, नोंदी कुठे ठेवता, मीटिंगमध्ये आपोआप टिपणं घेणारं एआय चालू असतं का, हेही आता विचारायलाच हवं. आणखी एक खूण सांगते: ऑनलाइन काम मन लावून करणारा माणूस तुमचा राहता पत्ता आणि जवळच्या एका व्यक्तीचा नंबर मागतो, दर वेळी ‘आता कुठून बोलताय?’ असंही विचारतो. तो आगाऊपणा नाही. मध्येच काही बिघडलं तर मदत कुठे पाठवायची ते त्याला ठाऊक हवं.

पैशांचं बोलणंही याच फोनवर उरका. मुंबईत खासगी सेशनला हजार ते अडीच हजार सहज मागतात, नावाजलेले त्याहूनही जास्त. परवडत नसेल तर ‘कमी फीच्या काही जागा ठेवता का?’ असं सरळ विचारा, अनेक जण ठेवतात. आयत्या वेळी रद्द केलं तर पूर्ण फी कापतात, ती मुदत किती तासांची ते लिहून घ्या. दहा सेशनचं पॅकेज सवलतीत देऊ केलं तर पहिल्या तीन-चार सेशनपर्यंत थांबा. विम्याचं म्हणाल तर 2017 च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे सेशनची फी मिळायला ओपीडी कव्हर लागतं. पावती मात्र दर वेळी घ्या. ऑफिसकडून मोफत सेशन मिळत असतील तर एचआरला नावं कळतात की फक्त आकडा, एवढं विचारून ती जरूर वापरा. बँकेचं खातं दोघांचं असेल आणि घरी सांगायचं नसेल तर फी कुठल्या खात्यातून जाणार याचा आधीच विचार करा. यूपीआयच्या यादीत थेरपिस्टचं नाव दिसतं.

काही वेळा मात्र ऑनलाइनवर अडून बसू नका. जीव द्यायचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, रोजची दारू एकदम बंद करायची असेल, तर प्रत्यक्ष रुग्णालय गाठा. दारू अचानक सोडली की फिट येऊ शकते, तिथे व्हिडिओ कॉल कामाचा नाही. मारहाण करणारा माणूस त्याच घरात असेल तर घरातून कॉल करू नका, बाहेर पडून बोला. टेली-मानसचा 14416 हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. तो आजच फोनमध्ये टाकून ठेवा. औषध चालू करायचं असेल तर 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमुळे डॉक्टर व्हिडिओवरून प्रिस्क्रिप्शन देऊ शकतात. पण सवय लागू शकणाऱ्या काही औषधांवर बंधनं आहेत, तेव्हा घराजवळच्या एका मानसोपचारतज्ज्ञाचं नाव हाताशी असू द्या.

सेशनच्या दिवशी फोन पूर्ण चार्ज करा, वायफाय गेलं तर मोबाइल डेटावर जाता येईल एवढा पॅक ठेवा, फोन डब्याला टेकवून नजरेच्या उंचीवर ठेवा म्हणजे हात मोकळे राहतील. कुकर आधीच लावून घ्या. पाणी आणि रुमाल जवळ असू द्या. घरच्या लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप उघडं असेल तर लॉगआउट करा. सेशन संपल्या संपल्या ऑफिसचा कॉल किंवा पोळ्या नकोत, पंधरा मिनिटं तरी मोकळी ठेवा.

तीन-चार सेशन झाल्यावरही बोलताना आक्रसल्यासारखं वाटत असेल तर ते तोंडावर सांगून बघा, कधी कधी तिथूनच काम सुरू होतं. नाहीच जमलं तर ‘आतापर्यंतच्या मदतीबद्दल आभार, मी सध्या थांबतेय’ एवढा मेसेज पुरतो. कारण द्यावं लागत नाही. मग यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन करा. जागा आणि वेळ तर ठरलेलीच आहे.