सीताफळाच्या फुलाला हाताने पराग कसा द्यावा

झाड फुलांनी लगडते, पण फळे धरतात मोजकीच आणि त्यातली बरीच एका बाजूने दबलेली. बार्शी, सांगोल्याकडच्या सीताफळाच्या बागांत हे नेहमीचे. खताचा डोस वाढवून ते सुटत नाही, कारण अडचण फुलातच आहे. सीताफळाचे फूल आधी मादी असते आणि नंतर नर होते. त्याचा पराग सुटतो तोवर त्याचीच कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारे टोक, वाळलेली असते, म्हणून पराग शेजारच्या फुलातून यावा लागतो. निसर्गात हे काम बारीक भुंगेरे करतात. ते कमी पडले की फळधारणा घटते.

त्याच झाडावरच्या दुसऱ्या फुलाचा पराग चालतो, वेगळे वाण लावायची गरज नाही.

फूल ओळखणे हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, त्यासाठी दोन दिवस नुसते निरीक्षण करा. मादी अवस्थेत तिन्ही जाड पाकळ्यांची टोके किंचित सुटलेली असतात आणि आतला मधला कुक्षींचा शंकू ओलसर, चिकट, चमकदार दिसतो. नर अवस्थेत पाकळ्या पूर्ण फाकतात, पुंकेसर सैल होतात आणि टिचकी मारली की खाली झडतात. शंकू तेव्हा कोरडा, तपकिरी झालेला असतो.

साहित्य साधे आहे: २ किंवा ३ नंबरचा मऊ ब्रश, चहाची गाळणी, झाकणाची छोटी डबी.

पहाटे उजाडताना पूर्ण फाकलेली फुले तोडा, गाळणीत हलकेच झटका आणि खाली पडलेले पराग व पुंकेसर डबीत घ्या. एका फुलाच्या परागात साधारण दोन-तीन फुले होतात. डबी सावलीत ठेवा. शर्टाच्या खिशात नको, अंगाच्या उष्णतेने पराग खराब होतो. तो त्याच सकाळी वापरायचा.

आता मादी फूल डाव्या हाताने धरा आणि एक पाकळी मोडा. त्यामुळे ब्रश आत जातो आणि कोणते फूल झाले हेही कळते. परागात बुडवलेला ब्रश शंकूभोवती तीन-चार वेळा फिरवा, सगळ्या बाजूंनी. घाई इथेच नडते: ज्या कुक्षीला पराग मिळतो तिचाच डोळा फुगतो, बाकीची बाजू बसते आणि फळ वाकडे होते. जाड फांदीवरची, आकाराने मोठी फुले निवडा. बारीक टोकाच्या काडीवरची सोडून द्या, ती फळाचे वजन पेलत नाहीत.

साडेआठच्या आत काम उरका. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, कोरड्या वाऱ्यात कुक्षी लवकर वाळते. त्यामुळे उन्हाळ्यात हात लावण्यापेक्षा पहिल्या पावसानंतरच्या दमट सकाळी निवडणे चांगले. फुले ओली असतील तर थांबा, पराग गोळा होऊन चिकटतो. या दिवसांत कीटकनाशकाची फवारणी टाळा, नाहीतर भुंगेरेही मरतात. त्यांना बोलवायला झाडाखाली पिकून सडलेली केळी ठेवता येतात.

आठवड्याने पाहा. न धरलेले फूल काळे पडून गळते, धरलेल्याच्या देठाला हिरवी घुंडी टिकते. तिथून फळ काढणीला साधारण चार महिने लागतात. एका जागी दोन-तीन धरली असतील तर एकच ठेवा.