चतुर्थी सरली की वही उघडा

गोव्यातल्या फोंड्यात चतुर्थीनंतर पाऊस ओसरू लागला की मी सायकलची साखळी रॉकेलने धुते, तेल घालते आणि त्याच संध्याकाळी हंगामाचं ध्येय वहीत लिहिते.

आधी एकच मोठं ध्येय ठरवा, तेही तारखेसह. माझं यंदाचं आहे २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. त्याला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी सुमारे १५ किलोमीटर. हा हिशेब मांडला की भीती निम्मी होते.

मग त्या तारखेपासून मागे मोजत या. आठवड्याचं अंतर साधारण दहा टक्क्यांनीच वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. गेल्या वर्षी मी नुसतं 'तीन हजार किलोमीटर' लिहिलं होतं. आकडा गाठायच्या नादात जानेवारीत गुडघा धरला आणि तीन आठवडे सायकल पडवीत उभी राहिली. म्हणून आता 'आठवड्यातून तीनदा, उजाडायच्या आत बाहेर' असं लिहिते. ते माझ्या हातात असतं.

चढासाठी वेगळी ओळ ठेवा. म्हार्दोळहून फर्मागुडीपर्यंत पाय न टेकता, बसूनच, हलक्या गिअरवर. ते जमलं की केरीहून चोर्ला घाट. तिथे वेळ मोजू नका, श्वास सांभाळा.

एक ध्येय निव्वळ आनंदाचंही हवंच. माझं आहे, रविवारी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जायचं, घड्याळ घरी ठेवून.